परतूरच्या मोंढ्यातला वन्स मोअर

या सदरातले अनुभव मी न चुकता वाचतो आणि खरं सांगायचं तर बरेचदा हसतो. पांढरी साडी, उलटे पाय… मागे एकाच्या काकांना तर भुतानं बिडी मागितली होती! आमच्या घरात असल्या गोष्टींना थाराच नव्हता. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरातले देव पोत्यात भरून गोदावरीत सोडून आले. देवच गेले, मग भुतं कशाला राहतील, असं ते म्हणायचे. मी स्वतः शाळामास्तर, विज्ञान शिकवलेला माणूस. तेव्हा तुम्हाला घाबरवायला हे लिहीत नाही. एक गोष्ट मी कोर्टात शपथेवर खोटी सांगितली आहे. पंच्याहत्तरी उलटली, आता ती खरी सांगून मोकळं व्हायचंय, एवढंच.

साल चौऱ्याहत्तर. दुष्काळ सरून पहिलं बरं पीक हाती आलं होतं. आमचा जालना जिल्हा तेव्हा झालाच नव्हता. परतूर परभणीत होतं आणि आमचं घनसावंगी औरंगाबादेत. मी घनसावंगीच्या शाळेत होतो आणि मला एकच व्यसन होतं — संगीत नाटक. त्यातही सदूबुवा. कंपनीचं नाव लिहीत नाही, मालकांची मुलंनातवंडं आहेत. तंबू टाकून गावोगाव फिरणारी साधी कंपनी होती, पण बुवांचा आवाज… काय सांगू! त्या तंबूत कोण कुणाच्या मांडीला मांडी लावून बसलाय हे कुणी विचारत नसे, हेही मला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

आम्ही अकरा जण होतो. म्होरक्या नारायण शिंपी, माझा जिवलग आणि डोक्यानं भडक. कंपनीचा मुक्काम जालना, परतूर, सेलू कुठंही असो, आम्ही हजर. सगळ्या नाटकाचा शब्द न् शब्द पाठ. शेवटच्या अंकात बुवा भाट असायचे. सेनापती म्हणतो, माझी स्तुती गा. भाट म्हणतो, माझी मान काप, स्तुतीचं गाणं मिळणार नाही. मग तो शेवटचं पद गातो, सेनापती सोनेरी राजदंड त्याच्या डोक्यात घालतो, भाट मरतो. पडदा.

पण पडदा लगेच पडायचा नाही. प्रेक्षकांतून ‘वन्स मोअर’ आला की मेलेले बुवा उठायचे, कपडे झटकायचे, पुन्हा सबंध पद गायचे, पुन्हा दंड खायचे आणि पुन्हा मरायचे. आजच्या मुलांना हे ऐकून हसू येतं. आम्हाला त्यात काहीच वावगं वाटत नसे. उलट ती आमची इज्जत होती! जालन्याच्या मंडळींनी बुवांना चार वेळा उठवलं होतं. परतूरला पाच करायचेच, असा नारायणानं विडा उचलला होता.

रविवार होता. खेड्यापाड्यांतल्या लोकांना संध्याकाळच्या गाडीनं परतता यावं म्हणून खेळ दुपारी तीनला ठेवलेला. आम्ही सकाळीच कापसाच्या ट्रकवर बसून परतूरला उतरलो आणि तंबू पडला होता त्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, एका हॉटेलात चहाला गेलो. तिथं बापूराव बसलेला. सेनापतीचं काम करणारा. धिप्पाड, पंचेचाळिशीचा, कंपनीत बुवांइतकाच जुना. पण त्याला कोण विचारतो? दोन-तीन आडत्यांना तो सांगत होता, “सदूचा गळा गेलाय साहेब. दोन वर्षं झाली, पट्टी काळी चारवरून खाली काळी एकवर उतरलीय. पेटीवाले आण्णा सांभाळून घेऊन राह्यले म्हणून बराबर चाललंय. लोकं आपली सवयीनं बोंबलतेत.”

हे खरं होतं. आम्हालाही माहीत होतं, म्हणूनच ते इतकं झोंबलं.

नारायण उठला. “काय म्हणला? पुन्हा म्हण!”

“खरं तेच म्हणलो. तुम्हाला गाणं कळत न्हाई, तुम्ही निस्ते ओरडता.”

पुढचं सांगायला लाज वाटते. नारायणानं पायातली चप्पल काढली. मी — शाळामास्तर! — बापूरावाच्या मागे गेलो आणि त्याचे दोन्ही हात धरले. नारायण त्याच्या तोंडावर मारत राहिला. पाच, सात, दहा… ओठ फाटला, पुढचा एक दात बशीत पडला. सगळा मोंढा बघत होता. कुणी सोडवायला आलं नाही. दोघं-तिघं तर हसत होते. बापूराव ओरडला नाही. आणि मला तेव्हा — लिहितो तसंच — मजा वाटत होती.

बुवा धावत आले ते धोतराचा सोगा हातात धरून. लहान चणीचा, पडेल खांद्यांचा माणूस. आम्हाला ढकलून त्यांनी बापूरावाचं तोंड स्वतःच्या उपरण्यानं पुसलं. मग वातावरण हलकं करायला म्हणाले, “अरे, माझा सेनापती आहे तो! त्यालाच मारून टाकलं तर मंग मला कोण मारील?”

सगळे हसले. बापूराव हसला नाही. तो उठून तंबूकडे गेला आणि आम्ही दुसरा चहा मागवला.

दुपारी तंबू खच्चून भरला. आम्ही पहिल्या रांगेत, सतरंजीवर. पहिले दोन अंक बुवांचा आवाज फाटत होता, मागून खोकल्याच्या नकला ऐकू येत होत्या. मला रडू यायचं बाकी होतं. नारायण दातओठ खात म्हणाला, “शेवटच्या पदाला सगळ्यांनी बराबर घसा फोडायचा. ही मागची लोकं गप झाली पायजेत.”

शेवटचा अंक लागला. बापूरावाचा ओठ सुजून टम्म झालेला, रंग फासूनही दिसत होता. बुवा कसंबसं पद गायले, वरच्या सुरावर पोचलेच नाहीत. त्यांनी मान झुकवली. बापूरावानं दंड उचलला.

रोज तो लाकडी दंड खांद्याला नुसता टेकायचा आणि ढोलकीवाला थाप मारायचा. त्या दिवशी थापेच्या आधी आवाज आला. नारळ दगडावर आपटल्यासारखा. बुवा तोंडावर पडले, आणि डोक्यामागून काहीतरी लाल, दाट फळीवरून वाहत माझ्या समोरपर्यंत आलं.

आता ऐका मला काय वाटलं ते. मला वाटलं, वा! कंपनीनं नवीन ट्रिक काढली! कुंकवाचं पाणी भरलेली पिशवी वगैरे… नाटक पाठ होतं ना आम्हाला. भाट मरतो आणि उठतो, हे आम्हाला सूर्य उगवण्याइतकं पक्कं ठाऊक होतं. मी उभा राहिलो आणि सगळ्यांत आधी, सगळ्यांत मोठ्यानं ओरडलो, “वन्स मोअर!”

अकरा जण ओरडले. मग मागचेही ओरडले.

बुवा उठले.

कपडे झटकले नाहीत. सरळ उभे राहिले, मान जरा एका बाजूला कललेली. आणि गायले. मी पंधरा वर्षांचा असताना जो आवाज पहिल्यांदा ऐकला होता तो. काळी चार, खणखणीत, एकेक तान धारेसारखी. मघाशी हुकलेल्या वरच्या सुरावर ते पोचले आणि तिथंच थांबले. गाता गाता ते एकेक पाऊल बापूरावाकडे जात होते, आणि बापूराव मागे सरकत होता. नाटकात असं नव्हतं! सेनापती कधी मागे सरत नाही. नारायण चिडून ओरडला, “हाण ना रे! हाण त्याला!” मग सगळा तंबूच ओरडायला लागला — हाण, हाण, हाण.

पद संपलं. बुवांनी मान झुकवली. बापूरावानं दंड उचललाच नाही. तरी ढोलकीच्या थापेवर बुवा आपोआप पडले, पहिल्यासारखेच, त्याच जागी.

मी पुन्हा ओरडलो. होय, मीच. पाच करायचे होते ना!

बुवा दुसऱ्यांदा उठायला लागले. हात टेकवून, गुडघा टेकवून… तोच बापूराव किंचाळला, “पडदा टाका! मेलाय तो! मी मारलाय त्याला, मेलाय! उठवू नका!”

आणि आम्ही काय केलं? आमचा पाचाचा डाव मोडला म्हणून आम्ही स्टेजवर चढलो. नारायणानं बापूरावाला कमरेत लाथ घातली. कुणी पेटी उचलून फेकली, कुणी तंबूचा दोर तोडला. मी बापूरावाच्या हातातून दंड हिसकला आणि त्याच्याच मनगटावर हाणला. हाड मोडल्याचं हाताला कळलं. दंड फारच जड होता. बेगड फाटली होती, आत लोखंड दिसत होतं. तंबूच्या खुंट्या उपटायची पहार. सकाळी मार खाल्ल्यावर त्यानं तिला बेगड गुंडाळली होती.

मी मागे वळलो. बुवा तोंडावर पडलेले होते. मी त्यांना उताणं करायला खांद्याला हात लावला. अंग गार. भर दुपारी, गच्च भरलेल्या तंबूत, आत्ता दोन मिनिटांपूर्वी तान घेणाऱ्या माणसाचं अंग गार होतं, आणि हाताची बोटं उघडत नव्हती.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासलं. घाव एकच. कवटी मागून फुटून आत गेलेली. मी विचारलं, “घाव बसल्यावर किती वेळ…?” ते म्हणाले, “वेळ कसला? तिथल्या तिथं. यानंतर माणूस बोट हलवत नाही, मास्तर.” मी म्हणालो, ते उठले होते, गायले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कंपाउंडरला मला पाणी द्यायला सांगितलं.

पेटीवाले आण्णा बाहेर बाकावर बसले होते. मी त्यांच्याजवळ गेलो. ते म्हणाले, “पहिल्या वेळी मी काळी एक धरल्ती. रक्त बघितलं न् हात उचलले. मंग ते पुन्हा गायले तव्हा पेटी कुणी वाजवली, ते मला इचारू नका.”

खटला परभणीला उभा राहिला. बापूरावाच्या वकिलाचा सगळा भर एकाच गोष्टीवर होता: घावानं जीव गेला नव्हता, माणूस उठला, गायला, लोकांनी ओरडून ओरडून पुन्हा उभं केलं आणि त्यात तो गेला. साक्षीला निघताना नारायणानं माझा हात धरला. “उत्तम, एकदाच गायले म्हण. न्हाईतर आपण सगळे अडकतो.” आम्ही अकराही जणांनी तेच सांगितलं; तंबूतलं दुसरं कुणी, आण्णासुद्धा, साक्षीला आलं नाही. माझी पाळी आली तेव्हा बापूराव पिंजऱ्यातून वाकडं जुळलेलं मनगट कठड्यावर टेकवून म्हणाला, “मास्तर, तुम्ही पुढंच होतात. सकाळी माझे हात धरल्ते तुम्ही, मी काय म्हणालो न्हाई. एवढंच सांगा, उठला का न्हाई तो?”

मी म्हणालो, “नाही.”

त्याला जन्मठेप झाली. तो तुरुंगातच वारला. नारायणाशी माझं पुढे बोलणं राहिलं नाही, कारण विचाराल तर भांडणही झालं नाही.

तुम्ही म्हणाल, चारशे लोकांना एकाच वेळी भास झाला असेल. असेल. मी चाळीस वर्षं मुलांना कार्यकारणभाव शिकवला, मलाही तसंच वाटायला हवं. पण तो वरचा सूर माझ्या कानांत आहे, भासाला इतकी धार नसते.

माझी खरी अडचण वेगळीच आहे. डॉक्टरांचं खरं मानलं, तर बुवा पहिल्याच घावात गेले आणि मेलेला माणूस आमच्यासाठी गायला. तेव्हा निदान माझ्या ओरडण्यानं कुणाचा जीव गेला नाही. मेलेला माणूस गात नाही असं मानलं, तर बुवा जिवंत होते. त्यांना उचलून दवाखान्यात न्यायला हवं होतं आणि मी त्यांना फुटक्या डोक्यानं दोनदा उठायला लावलं. मी भुतं मानली, तर मी सुटतो. पन्नास वर्षं रोज प्रयत्न करतोय, अजून मानता येत नाहीत.