उपाशीपोटी, नुसता चहा

आमची लेक भूमिका माणसाचा चेहरा नंतर पाहते, आधी हात पाहते. बसमध्ये शेजारच्या बाईचा, लग्नात नवरीचा. दोन वर्षांपूर्वी वर्ध्याहून एक स्थळ आलं होतं. मंडळी गेल्यावर मी विचारलं, "कसा वाटला वं मुलगा?" तर म्हणाली, "नस चांगली आहे, दुरून दिसते." ते स्थळ तिथंच राहिलं.

ती आठ वर्षांपासून हुडकेश्वर भागातल्या एका लॅबमध्ये रक्त काढते. तिनं टोचून झाल्यावर माणसं विचारतात, "झालं काय?" पण तिची खरी हुशारी सुईत नाही, सुईच्या आधी आहे. उपाशीपोटीची साखर तपासायला आलेल्या माणसाला ती "उपाशी आहात ना?" असं कधीच विचारत नाही. त्याला सगळेच हो म्हणतात. ती सहज विचारते, "चहात साखर किती टाकता काका?" काका म्हणतात, "दोनच चमचे." "आज सकाळी पण दोनच?" "हो ना बेटा, दोनच." मग ती सुई खाली ठेवते आणि काकांना परत पाठवते. काका भांडतात. चहा म्हणजे काही खाणं आहे का, असं त्यांचं म्हणणं. हे किस्से ऐकून मी आठ वर्षं हसत आले.

फेब्रुवारीत लॅबच्या डॉक्टरांनी मिनलला आणलं. पदवीवाली, पुण्यात तीन वर्षं काम केलेली. तिला पद दिलं 'कलेक्शन इन्चार्ज'. हे पद लॅबमध्ये आधी नव्हतं, पण काम होतं, आणि ते भूमिकाच करत होती. डॉक्टर तिला म्हणाले, "तू आपलीच आहेस, समजून घेशील." आपली असल्यामुळे तिची खुर्ची मिनलला मिळाली आणि तिला स्कूटीवर घरोघरी जाऊन रक्त आणायचं काम मिळालं.

भूमिका रडली नाही. तिनं चंपतरावांना फोन लावला. चंपतराव इतवारीतले धान्याचे व्यापारी. त्यांचे दंड भरल्या पोत्यासारखे, आणि नस कुठं दडून बसलीय ते त्यांच्या आईलाही सांगता आलं नसतं. गेली पाच वर्षं ते फक्त भूमिकाकडूनच टोचून घेत. ती त्यांना म्हणाली, "काका, आता लॅबमध्ये नवीन मॅडम आल्या आहेत. हात फार हलका आहे त्यांचा. तुम्ही जाच."

संध्याकाळी ती खुशीत घरी आली, आणि चंपतरावांचा फोन आला. एका टोच्यात काम झालं होतं. मिनलला त्यांनी संत्रा बर्फीचा डबा पाठवला होता. त्या रात्री भूमिका जेवली नाही.

त्याच रविवारी तिनं राजीनामा लिहिला. घडी करून पर्समध्ये ठेवला, फक्त तारीख टाकली नाही. मला हे कसं माहीत, ते विचारू नका. ती अंघोळीला गेली की मी रोज पर्स उघडून पाहत होते, तारीख पडली का म्हणून. बाहेर नोकऱ्या नाहीत असं नाही, पण राग धरून सोडलेल्या नोकरीची आठवण वाईट असते. मी बी.ए. होऊन एका शाळेतली अशीच सोडली होती, आणि तीस वर्षांनंतरही त्या रस्त्यानं जात नाही.

म्हणून मी ठरवलं, या मिनलला आपण स्वतः पाहायचं. माझीही नस सहज सापडत नाही, सरकारी दवाखान्यात एकदा चार जणींनी हात टेकले होते. मिनलनं मला चारपाच ठिकाणी टोचावं, हात काळानिळा व्हावा आणि मी तो डॉक्टरांसमोर धरावा, असा माझा साधा विचार होता.

एप्रिल महिना होता. नागपुरात एप्रिलमध्ये डोळे सोडून सगळं तोंड ओढणीत गुंडाळलेल्या बाईवर कोणी संशय घेत नाही. भूमिका फेरीवर गेलेली पाहून मी लॅबमध्ये शिरले. काउंटरवरच्या बाईनं नाव विचारलं. माझ्या तोंडून निघालं, "बायजाबाई." माझ्या आजीचं नाव. मोबाइल नंबर मात्र सवयीनं स्वतःचाच दिला.

मिनल दिसायला बारीक, बोलायला गोड. "उपाशी आहात ना मावशी?" "हो." तिनं दंडाला पट्टा बांधला, बोटानं एकदा चाचपलं, आणि मी मनातल्या मनात एक म्हणेपर्यंत कापूस लावून मोकळी झाली. मी विचारलं, "झालं काय?" आणि मलाच माझा राग आला.

संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट आला. साखर एकशे बत्तीस. खाली लिहिलेलं, पुन्हा तपासणी करावी. आमच्याकडे कोणाला साखर नाही. कोणाला सांगणार, आणि काय म्हणून सांगणार? दोन दिवस मी कारल्याचा रस प्याले, भात सोडला, गच्चीवर फेऱ्या मारल्या. भूमिकानं विचारलं, "हे काय करून राहिली?" मी म्हटलं, "गुडघ्यासाठी."

तिसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी सहाला निघाली. पाच मिनिटांनी बेल वाजली. दार उघडलं, तर तीच. गळ्यात ओळखपत्र, हातात रक्ताच्या नळ्यांचा डबा.

"बायजाबाई इथंच राह्यतात काय?"

मी दारातून बाजूला सरले.

"पुन्हा तपासायच्या यादीत हे नाव होतं, म्हणून नंबर लावून पाह्यला काल. फोनवर आई असं नाव आलं." ती आत येऊन बसली. "उपाशी आहात ना, बायजाबाई?"

"हो," मी म्हटलं. माझ्या हातात कप होता.

"अस्सं. चहात साखर किती?"

"नाही टाकली. कालपरवापासून बंदच केली."

"अन् लॅबमध्ये आलात त्या दिवशी?"

"दोनच चमचे," मी म्हणाले, आणि म्हणतानाच मला काकांचा चेहरा दिसला.

ती हसली नाही. तिनं माझा हात उजेडात धरला. "किती वेळा टोचलं तिनं?"

"तीनदा."

"आई, एकच खूण आहे." तिनं खुणेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "हात चांगला आहे तिचा."

मग तिनं सांगितलं ते असं. मिनल आल्यापासून लॅबमध्ये येणाऱ्या कितीतरी लोकांची साखर एकदम वाढली होती. नुसत्या त्या आठवड्यात मला सोडून अकरा. भूमिकानं घरी जाऊन पुन्हा रक्त आणलं की सगळ्यांची बरोबर. डॉक्टरांना वाटलं मशीन बिघडलं. कंपनीचा माणूस बोलावला, त्यानं दिवसभर मशीन उघडून परत लावलं. भूमिका ते पाहत डबा खात होती.

"तुले समजलं नव्हतं काय चहाचं?"

"पहिल्याच दिवशी समजलं."

"मग सांगितलं काहून नाही वं?"

"मले कोणी विचारलं काय?"

तिची नजर ओट्यावर गेली. तिथं कारल्याचा रस होता, हिरवागार, अर्धा ग्लास.

"गुडघ्यासाठी काय?" ती म्हणाली. "दोन दिवस घाबरून होती तू. म्हणजे बाकीचे अकराही असेच बसले असतील." ती उठली. माझं रक्त न घेताच गेली. जाताना म्हणाली, "उद्या ये. चहा न पिता. अन् स्वतःच्या नावानं."

त्या दिवशी तिनं मिनलला सगळं सांगितलं. मिनल डॉक्टरांकडे गेली आणि म्हणाली, बिघाड मशीनमध्ये नव्हता, माझ्या प्रश्नात होता. हे तिनं स्वतःहून सांगितलं, आणि इथं मला ती मुलगी आवडायला लागली, हे मी घरात अजून बोललेले नाही. आता इन्चार्ज मिनलच आहे. खुर्ची तिचीच. पण खुर्चीच्या अलीकडे एक स्टूल आलंय. सकाळी सात ते दहा त्यावर भूमिका बसते, आणि तिनं सोडल्याशिवाय कोणी खुर्चीपर्यंत पोचत नाही. चंपतरावांना तिनं दोन दिवसांत दोनदा परत पाठवलं. घरोघरच्या फेऱ्या दहानंतर आहेतच.

काल मी पर्स उघडली. राजीनामा नव्हता. ती अंघोळीहून येताच मी सरळच विचारलं, "तो कागद कुठं गेला?"

मला कसा माहीत, हे तिनं विचारलं नाही. केस पुसत म्हणाली, "मिनलला प्रश्न लिहून पाहिजे होते. मी रजेवर असली तर तिच्या कामी यावे म्हणून. दुसरा कागद नव्हता, त्याच्याच मागं लिहून दिले. तिनं खुर्चीमागच्या बोर्डावर पिना मारून लावला."

"अन् राजीनामा?"

"भिंतीकडं तोंड करून आहे."

"डॉक्टरांनी उलटून पाह्यला तर?"

"पाहू दे ना," ती म्हणाली. "तारीख कुठं टाकली आहे अजून."