लक्ष्मीबाई नगर ते आल्प्स, व्हाया जेवणाचं टेबल

आल्प्समध्ये आम्ही जेमतेम दोनदा गेलो. पण आमच्या ग्रुपचे आल्प्सचे किस्से सांगायला बसलं तर एक संध्याकाळ पुरत नाही. लोक विचारतात, "दोन ट्रिपमध्ये एवढं काय घडलं?" अहो, माणूस डोंगरात असतो आठवडाभर, पण त्याचं प्लॅनिंग चालतं वर्षभर! आणि माणसं खरी कळतात ती प्लॅनिंगमध्येच. डोंगरावर सगळे दमलेले असतात, तिथे स्वभाव दाखवायला दम कुणाकडे उरतो?

आम्ही चौघं. जयंतराव केंद्र सरकारात मोठ्या हुद्द्यावर, दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतात. वयाने आणि डोंगरांच्या अनुभवाने सगळ्यांत मोठे. फरीदा मूळची पुण्याची, एका कंपनीत ऑडिट बघते. मी मेधा, मी आणि माझा नवरा सतीश गुरुग्रामच्या एका टॉवरमध्ये राहतो. सतीश आयटीत आहे, त्यामुळे त्याला साधा चहा करायचा असला तरी आधी एक्सेल उघडावं लागतं. चौघांचाही जीव सह्याद्रीत अडकलेला आणि पोट दिल्लीत. दिल्लीत चढण म्हणून जी काही आहे ती फ्लायओव्हरची!

मीटिंग जयंतरावांच्या जेवणाच्या टेबलावर. नकाशा पसरायचा, चार कोपऱ्यांवर लोणच्याच्या बरण्या ठेवायच्या आणि सुरू. जयंतरावांच्या पत्नी वसुधाताई कधी डोंगर चढलेल्या नाहीत. त्या स्वयंपाकघरातून आवाज देतात, "उतरताय का आता? की वरच वाढू?"

*

जयंतरावांची मुलगी ईशा दिल्लीतच वाढली. घरात मराठी बोलते, पण मधले मधले शब्द गळालेले. एकदा ती सहज टेबलापाशी येऊन उभी राहिली. जयंतराव नकाशावर बोट ठेवून सांगत होते, "इथून चढायचं, या खिंडीतून पलीकडे उतरायचं."

"बाबा, खिंड मतलब?"

"अगं, दोन डोंगरांच्या मधली वाट. पास."

"तो फिर पास बोलो ना यार! सगळ्यांना कळेल."

जयंतरावांनी चष्मा काढला. "पास म्हटलं की परीक्षा आठवते, बाळा. खिंड म्हटलं की तिथे कुणीतरी कुणासाठी तरी थांबलंय असं वाटतं."

ईशा हसून आत निघून गेली. पण हल्ली ती मैत्रिणींबरोबर मेट्रो बदलायला जाते ना, तेव्हा त्या लांबलचक बोगद्याला खिंडच म्हणते.

*

आल्प्ससाठी दम हवा. दिल्लीत तो कमवायचा कुठे? सतीशने तोडगा काढला: आमच्या टॉवरचे जिने! रविवारी सकाळी पाठीवर सॅक, सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या आणि कणकेची पिशवी, पायात ट्रेकिंगचे बूट. तळापासून गच्चीपर्यंत चढायचं, उतरायचं, पुन्हा चढायचं. हवा वाईट असली की तोंडाला मास्क लावून.

आमचे सिक्युरिटी गार्ड यादवजी फार सज्जन माणूस. पहिल्या रविवारी म्हणाले, "मॅडम, शिफ्टिंग है क्या? सर्व्हिस लिफ्ट खुलवा दूँ?"

मी म्हटलं, "नहीं नहीं, ऐसे ही."

पुढच्या रविवारी त्यांनी नुसतं बघितलं. त्याच्या पुढच्या रविवारी जयंतराव आणि फरीदाही सॅका घेऊन आले. चौघं घामाघूम होऊन वर चाललोय, आणि खाली यादवजी कुणाला तरी सांगत होते, "इतने हफ़्तों से सामान ऊपर जा रहा है, पता नहीं फ्लैट में जगह कितनी है!"

*

आल्प्समध्ये उंचावर राहायची सोय म्हणजे हट. दगडालाकडाचं घर, एका ओळीत बिछाने, सगळ्यांना एकच जेवण. मोठ्या रूटवर एका हटमधून दुसऱ्या हटमध्ये जायचं असतं. मधल्या एका ठिकाणी जरी बिछाना मिळाला नाही तरी अख्खा रूट कोसळतो. त्यामुळे बुकिंग हीच पहिली चढाई.

एक हट फोनशिवाय बुकिंग घेईना, आणि फोनवर फ्रेंचशिवाय बोलेना. फरीदा म्हणाली, "मी शिकते." आम्हाला वाटलं, बोलण्यापुरतं बोलतेय. पण ही बाई रोज मेट्रोत कानात इअरफोन घालून सहा-सात महिने फ्रेंच शिकली! मग एका शनिवारी टेबलाभोवती आम्ही श्वास रोखून बसलो आणि तिने फोन लावला.

नाव झालं, तारीख झाली, चार माणसं झाली. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "कुठून येणार?"

"दिल्ली."

"ते किती उंचीवर आहे?"

फरीदाने फोनवर हात ठेवून आम्हाला दिल्लीची उंची विचारली. सतीशने बोटांनी दोन दाखवले. "साधारण दोनशे मीटर."

 मग त्या काहीतरी बोलल्या आणि फोन ठेवला. 

"काय झालं? नाही म्हणाल्या?"

"बिछाने दिले," फरीदा म्हणाली. "म्हणाल्या, मग हळू या."

*

पहिल्या ट्रिपला निघायच्या आधीच्या जानेवारीत आम्ही पानिपतला गेलो होतो, काला अंब इथल्या मराठ्यांच्या लढाईच्या स्मारकाला. दिल्लीतला मराठी माणूस एकदा तरी जातोच. आसपास सगळं सपाट, मोहरीची शेतं, धुकं. स्मारकापाशी यूपीएससीची तयारी करणारी बीड-लातूरची काही मुलं आली होती, फोटो काढत होती.

जयंतराव बराच वेळ शेतांकडे बघत उभे होते. सतीश नेहमीप्रमाणे मोबाईलवर आमच्या रूटचे टप्पे वाचून दाखवत होता. दुसरा दिवस, तिसरा दिवस, शिखर.

"आणि मागे कुठून फिरायचं?" जयंतरावांनी विचारलं.

"मागे कशाला? आपण पलीकडे उतरणार ना."

"इथे उभा राहून असं म्हणू नकोस, सतीश."

 घरी पोचल्यावर सतीशने लॅपटॉप उघडला आणि प्रत्येक टप्प्यासमोर एक नवा कॉलम टाकला.

*

फरीदाच्या अम्मींना पुण्यात कळलं की हटमध्ये सगळे एकाच लांब फळीवर ओळीने झोपतात. बायका, पुरुष, ओळखीचे, अनोळखी, सगळे! अम्मींनी थेट जयंतरावांना फोन केला.

"भाईसाहेब, हे काय ऐकतेय मी?"

जयंतरावांनी तासाभराची फाईल पाच मिनिटांत निकाली काढणारा त्यांचा ऑफिसचा आवाज लावला, पण अम्मींपुढे तो चालला नाही. शेवटी हुकूम सुटला, "फरीदा भिंतीला. तिच्या शेजारी मेधा. मग सतीश. आणि अनोळखी माणसांच्या बाजूला तुम्ही!"

जयंतरावांनी तो हुकूम प्रत्येक हटमध्ये पाळला. पहिल्याच मुक्कामात त्यांच्या शेजारी एक दाढीवाला इटालियन आला आणि असा घोरला की फळी थरथरत होती. सकाळी मी विचारलं, "झोप झाली का?"

"छे! पण एक सांगू? नोकरीत इतकी वर्षं मीटिंगमध्ये माझ्या शेजारी कोण बसणार, कुणाची खुर्ची पुढे, कुणाची मागे, हे आधी ठरलेलं असायचं." त्यांनी गरम पाण्यासारखी कॉफी घेतली. "हा माणूस रात्रभर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपला, आणि मला त्याचा हुद्दा माहीत नाही. फार हलकं वाटलं."

*

त्याच ट्रिपमध्ये आमचं शिखर राहिलं. गाईड तिथलाच, कमी बोलणारा. आम्ही दोरीने एकमेकांना बांधलेले, बर्फाच्या धारेवर. वर आकाश निळं, शिखर समोर, इतकं जवळ की त्यावरचा खांब दिसत होता. गाईड थांबला. पश्चिमेकडे बघितलं आणि म्हणाला, "खाली."

सतीश ऐकेना. "वन अवर! सगळं प्लॅनमध्ये बसतंय!"

गाईडने वाद घातला नाही. नुसता वळला आणि दोरी ताणली. एका दोरीला बांधलेल्या माणसांत बहुमत चालत नाही.

हटमध्ये आल्यावर सतीश कोपऱ्यात जाऊन बसला. वर्षभराचं त्याचं स्वप्न होतं ते. मी शेजारी बसले तर म्हणाला, "प्लीज, आत्ता नको." दुपारी मात्र एकदम अंधारून आलं. वीज, गारा, आणि आम्ही जिथे उभे होतो त्या धारेवर नुसता काळा ढग. सतीश खिडकीशी उभा राहून बघत राहिला.  गाईडने बटाट्यांची ताटली त्याच्याकडे सरकवली, एवढंच.

नोएडाला ऑफिसमध्ये गेल्यावर लोकांनी घेरलं. "सर, समिट किया?"

"नहीं."

"अरे! तो फिर इतनी दूर गए क्यों थे?"

सतीश म्हणाला, "वापस आने के लिए."

*

दुसऱ्या ट्रिपचा रूट अवघड होता आणि तो संपूर्ण जयंतरावांनी आखला. बिछाने बुक झाले, तिकिटं झाली, आणि मग त्यांना एक दिवस ऑफिसात छातीत दुखलं. स्टेंट टाकावा लागला. डॉक्टर म्हणाले, चाला-फिरा, पण उंचीवर बिल्कुल नाही.

आम्ही ट्रिप रद्द करायला म्हणूनच त्यांच्या घरी गेलो. टेबलावर नकाशा पसरलेलाच होता. जयंतराव म्हणाले, "बसा. तुम्ही तिघं जाताय. मी इथून येतो." वसुधाताई दारात उभ्या होत्या. त्यांनी मानेनेच आम्हाला "हो म्हणा" सांगितलं.

फरीदाने चौथा बिछाना काही कॅन्सल केला नाही. का, ते आम्हीही विचारलं नाही.

शेवटच्या टप्प्यावर एक उंच खिंड होती, तिथून उतरलं की हट. खिंडीत पोचलो आणि धुकं आलं. असं, की स्वतःचे बूट दिसेनात. थंडीने सतीशच्या मोबाईलने मान टाकली, नकाशा गेला. माझा आधीच बंद. फरीदाच्या फोनमध्ये थोडा जीव होता. तिने लक्ष्मीबाई नगरला लावला.

दिल्लीत तेव्हा उकाड्याने जीव जात होता. मागे कूलरची घरघर ऐकू येत होती. जयंतराव शांतपणे म्हणाले, "काही दिसत नाही ना? मग ऐका. पाण्याचा आवाज येतोय?"

आम्ही श्वास धरला. येत होता, बारीकसा.

"तो ओढा हटकडेच जातो. आवाज कायम डाव्या हाताला ठेवा. उजवीकडून यायला लागला तर थांबा, पुढे कडा आहे. एकमेकांना हात लावून चला. घाई नको."

तसंच उतरलो. सतीश पुढे, मी मध्ये, फरीदा मागे. मध्ये एकदा आवाज सगळीकडून यायला लागला तेव्हा मी रडायच्या बेतात होते. सतीश म्हणाला, "थांब, बस खाली." बसलो, ऐकलं, पुन्हा डावी बाजू सापडली. शेवटी लाकडाच्या धुराचा वास आला आणि हटची भिंत हाताला लागली.

हट सांभाळणारे गृहस्थ म्हातारे, पांढऱ्या मिशांचे, इंग्रजी जवळजवळ नाहीच. सूप वाढलं. चार वाडगे ठेवले आणि फरीदाला विचारलं, "चौथे?"

फरीदाने सांगितलं, ते आजारी आहेत, दिल्लीत आहेत, पण रूट त्यांचाच. आत्ता धुक्यातून त्यांनीच उतरवलं आम्हाला. गृहस्थांनी ऐकून घेतलं. चौथा वाडगा काही उचलला नाही. म्हणाले, "लावा फोन."

चार्जरला लावूनच फोन केला, स्पीकरवर. "पोचलो, जयंतराव." पलीकडे वसुधाताईंचा "हुश्श" आधी ऐकू आला. मग जयंतराव म्हणाले, "छान. आता त्या यजमानांना एक विचार, फरीदा. खिडकीतून काय दिसतंय?"

फरीदाने विचारलं. गृहस्थ उठले, खिडकीपाशी गेले, बाहीने काच पुसली. आणि बोलायला लागले. डावीकडून सुरुवात करून एकेक शिखराचं नाव. कुठल्या माथ्यावर ऊन आहे, कुठल्या धारेवर नवं बर्फ पडलंय, कुठल्या कड्याची सावली खाली हिमनदीपर्यंत पोचलीय. फरीदा मराठीत सांगत होती. आधी अडखळली, गृहस्थांकडे बघितलं, मग सरळ सांगू लागली. पलीकडे नकाशा सरकल्याचा आवाज येत होता. "हां... हां, सापडलं. पुढे?"

मी आणि सतीश खिडकीकडे बघत होतो. बाहेर नुसतं पांढरं धुकं. दारासमोरचा पाण्याचा हौदही दिसत नव्हता.

शेवटचं शिखर सांगून झालं. जयंतरावांनी नकाशाची घडी घातली, तो आवाजही ऐकू आला. मग म्हणाले, "वा! काय स्वच्छ हवा मिळाली हो तुम्हाला!"