पिवळ्या साड्यांतली पांढरी

माझी नणंद संघप्रिया म्हणजे साधं माणूस. इतकं साधं की कधीकधी धरून गदागदा हलवावंसं वाटतं. दिघ्याच्या आमच्या खोलीत त्यांनी धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला वाढवलं, त्यात स्वतःचं लग्न राहून गेलं. जन्मभर सरकारी कचेरीत फायली सांभाळल्या आणि रिटायर झाल्यावर करंजाड्यात वन बीएचके घेतला. हवा भरपूर, प्रकाश भरपूर, बोलायला माणूस एक नाही.

"ताई, परत या की दिघ्याला," मी म्हणायचे.

"नको गं. मैत्रिणी झाल्यात आता."

मैत्रिणी म्हणजे सोसायटीत सकाळी चालायला जाणाऱ्या बायका. मीना त्यांची पुढारी आणि अरुणा मीनाच्या मागेमागे. चालून झालं की सगळ्या गार्डनच्या बाकावर बसायच्या. एकदा ताईंना उशीर झाला तर अरुणानं बाकावर पर्स ठेवून त्यांची जागा धरली. एवढीशी गोष्ट, पण ताईंनी मला मुद्दाम फोन करून सांगितली. "माझी जागा धरली गं कोणीतरी!" मला हसू आलं नाही. त्या बाकावर आपल्यालाही धरावं, एवढंच त्यांना आयुष्यात मागायचं उरलं होतं.

मग या ग्रुपची बँकॉकची टूर ठरली. ताई नाचायच्याच बाकी होत्या. सगळ्यांसाठी रव्याचे लाडू करायला घेतले. वळायला मला बोलावलं. "मीनाला बेदाणे चालत नाहीत, तिचे वेगळे वळ," म्हणाल्या. मी वळले. तिकडे रोज कोणत्या रंगाचं घालायचं, ते नवरात्रासारखं ठरलं होतं, म्हणजे फोटो छान येतात. शेवटच्या दिवशी बुद्धाचं मोठं देऊळ आणि रंग पिवळा.

ताईंनी पिवळी साडी बॅगेत घातली आणि हळूच पांढरीही घातली.

टूरवरून आल्या त्या रविवारी मी करंजाड्याला गेले. "लाडू?" मी दारातच विचारलं.

"फडशा! पहिल्याच दिवशी." ताई खुशीत होत्या. चहा ठेवला आणि सांगायला बसल्या.

"अक्षता, केवढी गर्दी गं त्या शहरात! रस्ता ओलांडायचा तर जीव मुठीत. शेवटच्या दिवशी त्या सगळ्या पिवळ्यात आल्या आणि मी पांढऱ्यात. मीना म्हणाली, फोटोचा सत्यानाश केलास. पण विहारात आपण पांढरी नेसूनच जातो ना? आईनं शिकवलंय. आत भगवान आडवे पहुडलेले. मी एका बाजूला बसले, डोळे मिटले, वंदना म्हटली. रडूच आलं मला, आनंदानं. डोळे पुसून बाहेर येते तर कोणीच नाही."

"नाही म्हणजे?"

"बस गेलेली. टूरवाले आशुतोष गर्दीत पिवळ्या साड्या मोजून माणसं चढवत होते. मी पांढऱ्यात, राहिले. माझ्या फोनला तिकडचं सिम नव्हतं, आम्ही सगळ्या अरुणाच्या हॉटस्पॉटवर. गेटपाशी उभी राहिले. लोकांचे लोंढे नुसते. फुलं विकणाऱ्या एका म्हातारीनं बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं. दिवे लागायची वेळ झाली तरी मी तिथंच. आणि बघते तर अरुणा, मीना, आशुतोष, सगळे धावत आले! अरुणा तर गळ्यात पडून हमसून हमसून रडली. कोण रडतं गं कोणासाठी एवढं?"

मी मनात म्हटलं, संबंध दुपार कोणाला आठवण नाही झाली? पण ताईंचा चेहरा असा उजळला होता की बोलवेना.

तेवढ्यात बेल वाजली. अरुणाच आली होती, तिचा चार्जर चुकून ताईंच्या बॅगेत आला होता म्हणून.

"बसा ना, चहा घ्या," मी म्हटलं.

"नको हो, आत्ताच झाला." पाणीही नको, ती घरचंच पिते. सोफ्याच्या कडेवर टेकली आणि मला हसत म्हणाली, "हिनं काय घाबरवलं आम्हाला त्या दिवशी! मॉलमध्ये मस्त शॉपिंग केली, हॉटेलवर आलो, सामान भरायला घेतलं तर माझा आणि मीनाचा पासपोर्ट सांभाळायला दिलेला, तो हिच्याच पर्समध्ये! सकाळची फ्लाइट! मला तर रडूच कोसळलं. देवळापाशी हिला बघितलं, पर्स जागेवर बघितली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "आणि पासपोर्ट तुमच्याकडेच असते तर?"

"अहो, असं काय बोलता? बसमध्ये मीना म्हणाली, आपल्या सगळ्या आल्या. मला वाटलं, ही मागे बसली असेल." चार्जर उचलून ती उठली. "आम्ही काही तसलं मानत नाही हं. आमच्यात घेतलीच ना हिला?"

"घेतलीच? उपकार केलेत!" मी दारापर्यंत गेले तिच्या मागे. "निघा तुम्ही!"

दार आपटून मी वळले. ताई कपात बघत बसल्या होत्या. कप काढून घेतले आणि ओट्याकडे गेले. चहाचं पातेलं ठेवायला खालचं कपाट उघडलं तर पिठाच्या डब्यामागे लाडवांचा डबा. उचलला तर जड. झाकण उघडलं. गच्च भरलेला, वर मी वळलेले बिनबेदाण्याचे, एकालाही बोट लागलेलं नाही. काहींवर बुरशी धरली होती.

"ताई, हे काय?"

"उपास होते गं त्यांचे."

"सगळ्यांचे? रोज?"

त्या उठल्या, आतून ती पांढरी साडी आणली. धुऊन, कडक इस्त्री करून ठेवली होती. माझ्या पिशवीत घातली.

"ही तू ने. वंदनेला नेस."

"आणि तुम्ही काय नेसाल?"

"चूक माझीच होती, अक्षता. पिवळी नेसले असते तर मोजलं असतं त्यांनी मला." पिशवीची चेन त्यांनी नीट लावली. "सिंगापूरचं चाललंय त्यांचं. मी आपली अरुणाला उद्या सॉरी म्हणते. तू तेवढी चांगलीशी पिवळी बघून ठेव माझ्यासाठी. लांबून दिसेल अशी."