केरूची दाराजवळची जागा

केरू रिटायर झाला आणि घरात सगळ्यांच्या पायात येऊ लागला. उभी हयात वाशिंदच्या कारखान्यात शिफ्ट करण्यात गेलेली. घर म्हणजे येऊन झोपायची जागा. आता दिवसभर बसायचं कुठे? तर त्याने दाराजवळचा कोपरा धरला. एक प्लॅस्टिकची खुर्ची आणि समोर रस्ता. येणाऱ्याजाणाऱ्याला हटकायचं, कोण कुठे निघालं ते आत ओरडून सांगायचं, झालं काम. त्याची बायको शालन केर काढताना रोज बजावायची, "पाय घ्या वर, नायतर तुमालाच झाडून काढीन." केरू पाय वर घ्यायचा, पण उठायचं नाव नाही.

अशात सून संघरत्नाने नवीन कपाट घ्यायचं काढलं. तीन दारांचं, आरशाचं. दुकानाचं म्हणे अ‍ॅपच होतं. मोबाइल घरात फिरवला की कपाट आपल्याच घरात उभं दिसतं. तिने फिरवला, तर कपाट आधी बाहेर कोंबड्यांच्या खुराड्यावर जाऊन बसलं, मग छताला लटकलं. जमीन हळूहळू दाखवल्यावर कुठे शहाण्यासारखं खाली आलं. आता एका भिंतीला बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, तिला हात लावायचा प्रश्नच नव्हता. दुसरीला खिडकी, तिसरीला आतलं दार. राहता राहिला केरूचा कोपरा.

तेवढ्यात शेजारची सोमी साखर मागायला आली. तिला मोबाइलमध्ये कपाट दाखवलं. म्हातारी हरखलीच. आरसा किती लख्ख म्हणाली आणि आत जाताना अंग चोरून, त्या नसलेल्या कपाटाला वळसा घालून गेली. येताना साखरेची वाटी सांभाळत पुन्हा तेच. सगळे पोट धरून हसले. केरूला मात्र झोंबलं. हीच सोमी रोज त्याच्या खुर्चीला ढुंगणाने ढकलत जायची, आणि आज हवेतल्या लाकडाला मान देत होती.

त्याने खुर्चीचे हात घट्ट धरले आणि म्हणाला, "मी हितनं हलणार नाय. दाव आता तुझं कपाट." संघरत्नाने मोबाइल उचलला. कपाट तरीही उभं राहिलं, थेट केरूवरच. मुलगा महेंद्र तर हसून हसून खालीच बसला. त्याने स्क्रीनचा फोटो काढून बापाला दाखवला. खिडकी होती, कॅलेंडर होतं, कपाट होतं. केरूचा फक्त पायाचा अंगठा खालून बाहेर आला होता.

केरू हसायला गेला आणि हसू आलंच नाही. कारखान्यात त्याच्या मशीनवर आता दुसरा कोणी उभा राहतो, ते त्याने मनाला समजावलं होतं. पण इथे तो बसलेला असताना घर त्याच्यावाचून अगदी पुरं दिसत होतं. फार वाईट वाटलं त्याला. "झ्याक दिसतंय, घेऊन टाका," तो पुटपुटला.

शालन हात पुसत आली. तिने मोबाइल घेतला, कोपऱ्यावर धरला आणि बघत राहिली. मग मोबाइल बाजूला करून केरूकडे पाहिलं. पुन्हा मोबाइलमध्ये, पुन्हा केरूकडे. हे ह्यात दिसत कसे नायत, तिने विचारलं. मोबाइलला माणूस कळत नाही, तो सरळ वरून कपाट काढतो, असं संघरत्नाने समजावलं.

"मग नको गो," शालन म्हणाली. "ह्यांच्या जागी मला कपाट बगायचं नाय."

कपाट आलं, ते स्वयंपाकघराच्या बोळात लागलं. शालन अंगाने भरलेली. दिवसभर आडवी होऊन ये-जा करते आणि दर खेपेला कपाटाच्या सात पिढ्या उद्धरते. सोमी अजूनही कोपऱ्याजवळून अंग चोरूनच जाते.

परवा शालनचं बोलणं ऐकवेना म्हणून केरू जरा बाहेर पडायला उठला. बोळातूनच आवाज आला, "बसा तिथंच. तुमच्यापायी माझं अंग खरचटतंय, आता ती जागा मोकळी दिसली तर बगा."

केरू बसला. ती झाडू घेऊन येताना दिसली, तसे त्याने न सांगताच पाय वर घेतले.