गच्चीवरचे चिंचोके

चंपाशेठ गेल्याचं मला छापखान्यात कळलं. हातात एका मोर्चाचं पत्रक होतं, गर्दीचा आकडा टाकायचा राहिला होता. फोनवरचा मित्र म्हणाला, "शेठ गेलं. सकाळी दुकान उघडलं, गादीवर टेकलं, तेवढंच." आकडा कोरा ठेवून मी निघालो...

नारायणगावात त्यांचं कापडाचं दुकान. वाडवडील राजस्थानातून आलेले, पण शेठ बोलायचे आमच्यासारखंच. एकदाही कबड्डी न खेळलेल्या या माणसाला गर्दी मोजायचा नाद होता. आमचं कबड्डी मंडळ असो की अवसरी गावचं, सामना असला की शेठ दुकान बंद करून मैदानाच्या कोपऱ्यात स्टुलावर उभे राहायचे. दहा माणसांमागे एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्या खिशात जायचा. दोन्ही मंडळं आपापली गर्दी फुगवून सांगत, शेठ सांगतील तो आकडा मात्र दोघांनाही मान्य असे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अंतिम सामना कुणाच्या मैदानावर, यावरून दोन्ही मंडळांत वाद पेटला. ज्याच्या घरच्या सामन्याला गर्दी जास्त, मैदान त्याचं, असं शेठच्या दुकानात ठरलं. अवसरीच्या मैदानाभोवती माड्या पुष्कळ, म्हणून आमचे अध्यक्ष तात्या म्हणाले, "बाया गच्चीवरनं बघत्यात, ते काय प्रेक्षक न्हाईत. मैदानात उतरंल तेवढंच माणूस धरायचं." कुणी हरकत घेतली नाही. नियम लिहून घेतला मी. घरात वडिलांच्या चळवळीची पत्रकं वाचत मोठा झालेला, समतेवर तावातावाने बोलणारा मी. ते वाक्य लिहिताना माझा हात जरासुद्धा अडखळला नाही.

अवसरीची मोजणी झाली. पुढच्या रविवारी आमचा सामना. त्या दिवशी आईसकट सगळ्या आळीच्या बाया गच्च्यांवर होत्या. मैदानात मात्र आम्ही सात चिंचोक्यांनी कमी पडलो.

मी स्टुलापाशी धावलो. "शेठ, गच्चीवरच्या बाया धरा की."

"नियम कुणाच्या अक्षरात हाय, राव?"

"माझ्या."

"मग मला काय इचारतो?"

अंतिम सामना अवसरीला गेला. मी शेठविरुद्ध पत्रक लिहिलं, 'तागडीवाल्याने गाव विकलं' असं मथळ्यात घातलं आणि ते त्यांच्याच दुकानाच्या फळीवर चिकटवलं. त्यांनी फाडलं नाही. दुसऱ्या दिवशी समोरून जाताना हाक मारून म्हणाले, "छपाई लई ठसठशीत झालीय. खळ तेवढी कमी पडली." पुढे कित्येक वर्षं त्या रस्त्याने जाताना मी पलीकडच्या बाजूने चालायचो. माफी मागायची राहिली, ती राहिलीच.

शेठ गेल्यावर चार दिवसांनी त्यांच्या सूनबाईंनी बोलावून घेतलं. "मामंजी म्हणायचे, हा डबा तुमचा." बिस्किटाच्या जुन्या डब्यात कापडाच्या दोन पुरचुंड्या होत्या. एका चिठ्ठीवर 'अवसरी, गच्ची', दुसरीवर 'आपली, गच्ची'. म्हणजे त्यांनी बायाही मोजल्या होत्या, दोन्हीकडच्या, वेगळ्या खिशात. मी तिथंच बसून मोजलं. आपल्या पुरचुंडीत अकरा जास्त निघाले. बाया धरल्या असत्या, तर सात वजा करूनही मैदान आमचंच होतं.

शेठना हे त्याच संध्याकाळी माहीत होतं. पत्रक चिकटवल्यावर हा डबा चौकात उघडला असता, तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. ते छपाईबद्दल बोलले.

त्यानंतर शोकसभा शाळेच्या सभागृहात झाली. खाली पुरुष, वरच्या गॅलरीत बाया. सभेची बातमी लिहायचं काम माझ्याकडे होतं. तात्या भाषणात म्हणाले, "सगळा तालुका लोटलाय." तालुका लोटला नव्हता. मी मागच्या भिंतीशी उभा राहिलो आणि मोजायला सुरुवात केली ती वरून, गॅलरीतून. मग खालचे पुरुष. दहाला एक चिंचोका, उजव्या खिशातून डाव्या खिशात.

तो डबा आता माझ्या टेबलावर असतो. त्या दिवसाचे चिंचोके, वरचे नि खालचे एकत्रच, त्यात मोकळे टाकलेत, पुरचुंडी बांधलेली नाही.