हात मांडीवर!

कोणी बोलत असताना तुम्ही हातांचं काय करता हो? खरं सांगा. पदराचं टोक पिळता, की सतरंजीचे दोरे उपसत बसता? आम्ही रेघोट्या मारायचो!

तीस सालच्या आसपास रत्नागिरीत, वरच्या आळीतल्या एका वकिलांच्या ओसरीवर आम्हा बायकांचा फर्स्टएडचा वर्ग भरायचा. दर गुरुवारी, दुपारची जेवणं आटोपली की. एक डॉक्टर येऊन लेक्चर द्यायचे. आता इतक्या बायका स्वयंपाकघराबाहेर एका जागी बसल्या म्हणजे किस्से काय, पावसाळी शेवाळासारखे आपोआप वाढतात. घरी येऊन सांगायला लागलं की आमचे हे विचारायचे, "तुम्ही तिथे शिकायला जाता की हसायला?"

मी म्हणायची, "दोन्हीला!"

*

वर्गात सगळ्यांत हुशार गोदू. केळशीची. नवरा लवकर गेला, तेव्हापासून दिराच्या घरी सुपाऱ्या सोलत होती; वर्गापुरती इथे एका नातेवाइकांकडे राहायला आली होती. दवाखान्यात नर्सचं काम शिकायचं तिच्या मनात होतं, आणि दवाखाना आमच्या वर्गाची परीक्षा पास झालेल्या बाईलाच घेणार होता. दिराने बजावलं होतं, "पहिल्या फटक्यात पास झालीस तर राहा रत्नांग्रीस. नाहीतर मुकाट्याने केळशी!"

अशी ही गरजू मुलगी, आणि लेक्चर चालू असताना खाली मान घालून बोटाने जमिनीवर रेघा ओढत बसायची. ठिपके, मग ठिपक्यांभोवती वेलबुट्टी.

एकदा डॉक्टर चिडले. "काय काढताय?"

"कासव," गोदू म्हणाली.

"छान! बुडालेल्या माणसाला बाहेर काढल्यावर काय करायचं, ते मी आत्ता सांगितलं. सांगा पाहू!"

गोदूने सांगितलं. पालथं कसं घालायचं, पाठ कशी दाबायची, किती वेळ धीर सोडायचा नाही, सगळं. वर म्हणाली, "आणि मध्ये तुम्ही बरोबरच्या कंपाउंडरना म्हणालात की आमच्याकडचा चहा गुळमट असतो."

पुढच्या गुरुवारी चहात साखर होती!

*

ठकूकाकूंची तऱ्हा निराळी. त्यांना जमिनीवर वाकवत नसे, म्हणून त्या पुढच्या बाईच्या पाठीवर बोटाने चित्रं काढायच्या. पुढची बाई म्हणजे मी! आधी गुदगुल्या व्हायच्या, मग सवय झाली. इतकी की, एखाद्या दिवशी लेक्चर लवकर संपलं तर मी मागे वळून म्हणायची, "काकू, आज कमळ अर्धंच राहिलं."

एकदा डॉक्टरांनी मला उभं केलं. "हातातून रक्त वाहतंय. कुठे दाबाल?"

मला काही म्हणता काही आठवेना. शेवटी हळूच म्हटलं, "काकू, जरा कमळ काढा ना!"

काकूंनी काढलं. तिसऱ्या पाकळीला मला उत्तर आलं.

डॉक्टर म्हणाले, "रोग्याकडे जाताना दोघी बरोबरच जात जा!"

*

फातमाबी किनाऱ्यावरच्या मोहल्ल्यातून यायच्या. घरचे सगळे पुरुष दर्यावर. त्या जांभ्या दगडाचा तुकडा घेऊन पायरीवर गलबत काढायच्या. दर लेक्चरला एक गलबत, खालपासून वरपर्यंत.

आमच्या आळीतल्या एका लग्नात ऐन अक्षतांच्या वेळी नवरी चक्कर येऊन पडली. धावाधाव! कोणी कांदा आणतोय, कोणी पंखा. वर्गातल्या आम्ही चार-पाच जणी तिथे होतो, पण सगळ्यांची डोकी रिकामी. फातमाबींनी डोळे मिटले आणि हवेत बोट फिरवायला लागल्या.

"नाळ काढली... डोलकाठी काढली... शीड... हां! शिडाच्या वेळी डाक्टर बोलले, पाय वर, डोकं खाली, कपडे सैल, नि माणसं लांब! हटा गो सगळ्या!"

तसं केलं. नवरीने हळूहळू डोळे उघडले. सगळी मंडळी श्वास रोखून बघताहेत.

नवरी म्हणाली, "पंगत उठली का?"

*

मग आमच्या वर्गाला नवीन सेक्रेटरी आल्या, इंदिराबाई. पुण्याच्या. मनाने फार चांगल्या, पण शिस्तीच्या कडक. आमची ती रेघांनी भरलेली ओसरी पाहून त्यांना घेरीच यायची बाकी होती.

"हे काय? लक्ष कुठे असतं तुमचं? पुढच्या गुरुवारपासून हात मांडीवर!"

गोदू कळवळून म्हणाली, "बाई, हात चालला नाही तर मला ऐकूच येत नाही हो."

"ऐकायला कान असतात," इंदिराबाई म्हणाल्या.

पुढच्या गुरुवारी आम्ही सगळ्या हात मांडीवर ठेवून, ताठ बसलो. मला वाटतं, मनाचं लहान पोरासारखं असतं. हातात काहीतरी दिलं तर ते जवळ बसून ऐकतं, नाही दिलं तर अंगणाबाहेर पळतं. माझं मन त्या दिवशी मंडणगडला माहेरी जाऊन, आईशी बोलून आलं! बाकीच्यांचं इतकंही लांब गेलं नाही. डॉक्टर बेशुद्धीची लक्षणं सांगत होते आणि माझ्या मागे ठकूकाकू घोरायला लागल्या. पाठोपाठ दुसरी, तिसरी.

डॉक्टर इंदिराबाईंना म्हणाले, "लक्षणं आता प्रत्यक्षच पाहा!"

*

इंदिराबाईंचा नियम सगळ्यांना सारखा. एका गुरुवारी डॉक्टर गावाला गेले म्हणून त्यांनी एका म्हाताऱ्या मास्तरांना ग्रहताऱ्यांवर बोलायला बोलावलं. मास्तर सुरेख बोलत होते. फक्त बोलताना तपकिरीची डबी बोटांत गरगर फिरवायचे. इंदिराबाईंनी अदबीने हात पुढे केला. "मास्तर, डबी माझ्याकडे राहू दे."

मास्तरांनी डबी दिली.

"तर, मंगळ..." ते म्हणाले. "मंगळ हा... मंगळ..."

मंगळ काही हलेना! मास्तर छताकडे बघताहेत, आम्ही मास्तरांकडे. शेवटी पायरीवरून फातमाबी ओरडल्या, "बाई, डबी द्या त्यांची! आमाला घरी जाऊन कालवण करायचंय!"

डबी परत मिळाली, आणि मास्तर एका दमात शनीपर्यंत पोचले.

*

परीक्षेचा दिवस उजाडला. इंदिराबाईंनी पहाटेच ओसरी सारवून घेतली होती. शेण अजून ओलसर होतं. "एक रेघ दिसता कामा नये," त्या म्हणाल्या. परीक्षक बाहेरगावचे मोठे डॉक्टर, त्यांना संध्याकाळची आगबोट गाठायची होती. अंगणात गोदूचा दीर तिची वळकटी घेऊनच येऊन बसला होता. नापास झाली की तिथूनच केळशीला न्यायचं!

आधी बँडेजची परीक्षा. मी आणि ठकूकाकू बांधणार आणि रोगी म्हणून पाटावर बसवली गोदूला. मी तिचा डावा हात बांधला, काकूंनी उजवा. खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत! परीक्षक खूश झाले. पण सोडायला गेलो तर माझी गाठ सुटेना. काकूंची तर सापडेचना.

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. "राहू दे. आता हिची तोंडी परीक्षा आहे, हात कशाला हवेत? चला, ऐका. एकदाच सांगेन."

आणि त्यांनी सुरुवात केली. माडावरून माणूस पडला आहे. शुद्धीवर आहे, पण बोलणं तुटक. डावा पाय वाकडा. कपाळाला खोक. पाणी मागतो आहे. भोवती गर्दी. पाऊस येईल असं आभाळ. आणखीही पुष्कळ.

गोदू पाटावर बसलेली, दोन्ही हात पांढरे ओंडके. चेहरा उतरत चाललेला. मी देवाचं नाव घेतलं. अंगणात दीर खाकरला.

मग तिचा चेहरा एकदम शांत झाला. नजर खाली गेली. परीक्षकांचं सांगून झालं तशी ती बोलायला लागली. आधी गर्दी हटवायची, मग कपाळाचं रक्त, पाय हलवू न देता फळी कशी बांधायची, पाणी का द्यायचं नाही, पाऊस आला तर काय. एक गोष्ट सुटली नाही.

मी तिच्या नजरेच्या रोखाने पाहिलं. लुगड्याच्या काठाखालून पायाचा अंगठा ओल्या सारवणावर फिरत होता. ठिपके, वेली, पाकळ्या!

इंदिराबाईंनीही पाहिलं. त्या ताडकन उठल्या. झालं, आता ओरडणार!

त्यांनी आपलं स्टूल उचललं, गोदू आणि परीक्षकांच्या मध्ये आणून ठेवलं आणि पदर नीट पसरून त्यावर बसल्या.

"काय झालं?" परीक्षकांनी विचारलं.

"तिकडे ऊन येत होतं," इंदिराबाई म्हणाल्या. आभाळ सकाळपासून भरलेलं होतं.

गोदू पहिल्या नंबराने पास झाली. कात्रीने बँडेज कापेपर्यंत ती रडत होती आणि हसत होती. दिराने वळकटी ओसरीवर ठेवली, म्हणाला, "बरं तर. दवाखान्यात जरा सांभाळून राहा," आणि एकटाच केळशीला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंदिराबाईंनी सगळी ओसरी आपल्या हाताने सारवली. गोदूच्या पाटासमोरची हातभर जागा तेवढी सोडली.