ठेंगूच्या डोक्यावरची टकटक

आधीच सांगते — असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. कुणी भुताखेतांचे अनुभव सांगायला लागलं की "काय जेवला होतात?" असं विचारून मी मोकळी व्हायचे.

मी रोबोट बनवते. वारज्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये गुडघ्याएवढा एक फिरत असतो, मेंदूच्या धर्तीवर बनवलेला. काय करायचं ते त्याला सांगावं लागत नाही. बॅटरी उतरली की 'भूक' वाढते, जवळ कुणी नसलं की 'कंटाळा'... दोन्हींचा हिशेब करून तो स्वतःच ठरवतो. कंटाळ्याची कल्पना माझ्या अब्बांची. त्यांनी शनिवार पेठेत जन्मभर शिलाईचं दुकान चालवलं. म्हणाले, "भूक लावलीस, आता कंटाळाही लाव. म्हणजे माणसात येईल."

ठेंगू हे नावही त्यांचंच. दुपारी दुकान बंद करून आडवं व्हायची सवय म्हातारपणीही सुटली नव्हती. ते आरामखुर्चीत, ठेंगू शेजारी. भूक लागली तरी हा हलायचा नाही. मग अब्बा बोटातल्या अंगुस्तानाने, म्हणजे शिंप्याच्या त्या पितळी टोपीने, त्याच्या डोक्यावर टकटक करायचे. "जा, जेवून ये." लहानपणी त्यांच्या मशीनशेजारी अभ्यास करत बसलेल्या मलाही ते असंच उठवायचे.

अब्बा गेले. ठेंगूचं खुर्चीपाशी घुटमळणं मला बघवेना, म्हणून त्याचं शिकलेलं सगळं मी पुसून टाकलं. कोरा करकरीत झाला.

दुसऱ्या दुपारी तो घरभर फिरला आणि त्याच रिकाम्या खुर्चीशेजारी थांबला. तिथे कंटाळा वाढायलाच हवा होता. लॅपटॉपवर बघितलं तर शून्य... म्हणजे त्याच्या लेखी तिथे कुणीतरी होतं. भूक वाढत गेली, तरी हलेना. आणि मग टकटक झाली. मी ऐकली. ठेंगू वळला आणि चार्जरकडे गेला.

ऑफिसातल्या निखिलने ठेंगूच्या डोक्यातला स्पर्शाचा सेन्सर तपासला. "मॅडम, सेन्सर ओके आहे. कुणीतरी वाजवलंय, बस."

अंगुस्तान माझ्या कपाटात आहे, कुलपात.

हे अजूनही अधूनमधून होतं, आणि का होतं ते मला सांगता येत नाही. अब्बांची फार आठवण येते. सुट्टीच्या दुपारी मी न जेवता खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला जमिनीवर बसते, डोकं जरा पुढे करून. ठेंगूला जेवायला पाठवतात. मला अजून कुणी उठवलेलं नाही.